वाक्य जिंकतं, माणूस हरतो: कलम २१ची गोष्ट

शाळेच्या पुस्तकात पहिल्या पानांवर राज्यघटनेची उद्देशिका छापलेली असायची. ‘आम्ही, भारताचे लोक’ हे शब्द त्यामुळे बहुतेकांच्या डोळ्यांखालून गेलेले असतात. आतला मजकूर मात्र स्पर्धा परीक्षा देणारे आणि वकील सोडले तर फारसं कुणी वाचत नाही. मूळ हस्तलिखित प्रत दिल्लीत संसदेच्या ग्रंथालयात हवाबंद पेटीत आहे. अक्षर प्रेमबिहारी नारायण रायजादा यांचं, पानांची सजावट नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनच्या सहकाऱ्यांची. कागद पिवळा पडू नये याची काळजी पेटी घेते. पण कागदावरचा मजकूर शिळा होऊ नये याची काळजी कोण घेतं?

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात खरी गोम आहे. १९४९ साली ज्यांनी हा मजकूर लिहिला त्यांना मोबाइल माहीत नव्हता, आधार माहीत नव्हतं, हवामानबदल हा शब्दही कानावर आलेला नव्हता. तरी आज या तिन्हींवरची भांडणं त्याच मजकुरावर बोट ठेवून लढली जातात. हे कसं चालतं ते सगळी घटना समोर ठेवून सांगायला गेलं तर पसारा होईल. म्हणून एकच वाक्य घेऊ. कलम २१. (अधिकृत मराठीत ‘अनुच्छेद’ म्हणतात, पण कोर्टाच्या आवारात आणि चहाच्या टपरीवर सगळे ‘कलम’च म्हणतात. मीही तेच म्हणणार.)

इंग्रजीत ते जेमतेम अठरा शब्दांचं आहे. साध्या मराठीत त्याचा अर्थ असा: कायद्याने ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीनुसार असेल तेवढं सोडून, कोणत्याही व्यक्तीचं जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेतलं जाणार नाही.

१९५० पासून या वाक्यातलं एक अक्षरही बदललेलं नाही. २०२३ पर्यंत घटनेत १०६ दुरुस्त्या झाल्या. या वाक्याच्या शेजारी नवं कलम आलं, मागेपुढे बदल झाले, पण हे वाक्य जसंच्या तसं राहिलं. अर्थ मात्र इतका बदलला की १९५० सालच्या न्यायाधीशांना तो ओळखूही आला नसता.

वाक्यात दोन शब्द लवचिक आहेत. पहिला ‘जीवित’. जिवंत राहणं म्हणजे नुसता श्वास चालू असणं, की पोट भरणं, घर असणं, मान राखून जगणं हेही त्यात आलं? दुसरा ‘कार्यपद्धती’. संसदेने उद्या कायदा केला की अमुक लोकांना कारण न सांगता उचलावं, तर तीही ‘कायद्याने ठरवून दिलेली कार्यपद्धती’च झाली. मग ती चालेल का? गेल्या पंचाहत्तर वर्षांतली कलम २१ची बहुतेक भांडणं या दोन शब्दांच्या मुठीत मावतात.

एक फरक इथे लक्षात घ्यायला हवा. घटनेत दोन जातींची वाक्यं आहेत. राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराचं वय पस्तीस पूर्ण हवं, हे एक वाक्य. त्याचा अर्थ लावायला कुणाला विद्वान व्हावं लागत नाही, चौतीस म्हणजे नाही. दुसऱ्या जातीची वाक्यं ‘जीवित’, ‘समानता’, ‘वाजवी निर्बंध’ असे शब्द वापरतात. ज्या लोकांना आकडा लिहायचा तिथे आकडा लिहिता येत होता, त्यांनी काही ठिकाणी मुद्दाम पोकळ जागा सोडली. ती जागा पुढच्यांनी भरायची होती. कोणी आणि कशी, यावर मात्र त्यांच्यातच एकमत नव्हतं.

गाळलेले शब्द

घटनेच्या मसुद्यात सुरुवातीला वेगळे शब्द होते. अमेरिकेच्या घटनेत ‘ड्यू प्रोसेस’ नावाची कल्पना आहे. नुसती प्रक्रिया असून भागत नाही, ती न्याय्य हवी, आणि न्याय्य आहे की नाही हे न्यायालय तपासणार. घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव १९४७ च्या अखेरीस अमेरिकेला गेले, तेव्हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांची आणि त्यांची भेट झाली. फ्रँकफर्टर यांचं मत असं की ही तरतूद न्यायाधीशांच्या हाती नको तेवढी ताकद देते आणि ते लोकशाहीला धरून नाही.

त्यांच्या म्हणण्यामागे अनुभव होता. १९०५ साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने याच तरतुदीचा आधार घेऊन न्यूयॉर्कचा एक कायदा रद्द केला होता. बेकरीतल्या कामगारांना आठवड्याला ६० तासांहून जास्त राबवू नये, एवढंच तो कायदा म्हणत होता. न्यायालय म्हणालं, मालक आणि कामगार यांच्या करार करण्याच्या स्वातंत्र्यावर हे आक्रमण आहे. आपल्याकडे जमीनसुधारणा व्हायच्या होत्या, कामगार कायदे व्हायचे होते. ते असेच उडाले तर? मसुद्यातून ‘ड्यू प्रोसेस’ गेलं. त्याच्या जागी जपानच्या १९४६ च्या घटनेतले शब्द आले: कायद्याने ठरवून दिलेली कार्यपद्धती.

घटना समितीत यावर जोरदार वाद झाला. कन्हैयालाल मुन्शी ‘ड्यू प्रोसेस’च्या बाजूचे, अल्लादी कृष्णस्वामी अय्यर विरोधात. १३ डिसेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकर उत्तराला उभे राहिले आणि त्यांनी जे केलं ते मला आजही विलक्षण वाटतं. त्यांनी दोन्ही बाजूंची भीती प्रामाणिकपणे मांडली. एका बाजूला पक्षाच्या माणसांनी भरलेलं विधिमंडळ, जे बहुमताच्या जोरावर माणसाचे मूलभूत हक्क तुडवणारे कायदे करू शकतं. दुसऱ्या बाजूला न्यायालयात बसलेले पाच-सहा गृहस्थ, जे आपल्या सद्सद्विवेकाने किंवा पूर्वग्रहाने कुठला कायदा चांगला आणि कुठला वाईट ते ठरवणार. यातलं कोणावर विश्वास टाकायचा? त्यांनी ग्रीक पुराणातल्या दोन राक्षसांचा दाखला दिला. आपण म्हणू, इकडे आड तिकडे विहीर. मी काही बोलत नाही, सभागृहाने ठरवावं, असं म्हणून ते खाली बसले. सभागृहाने ‘ड्यू प्रोसेस’ नाकारलं.

बाहेर टीका खूप झाली. सप्टेंबर १९४९ मध्ये आंबेडकरांनीच आणखी एक कलम आणलं, आजचं कलम २२. अटकेचं कारण सांगा, वकील घेऊ द्या, २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करा. आधीच्या कलमात जे गेलं त्याची ही थोडी भरपाई, असं त्यांनी उघड सांगितलं. पण त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही जागा ठेवलेली आहे. म्हणजे गुन्हा केला म्हणून नव्हे, करील या संशयावरून आत टाकायची मुभा.

ती मुभा वापरायला वेळ लागला नाही.

पहिली हार

कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन घटना लागू झाली तेव्हा मद्रास प्रांतात तुरुंगात होते. प्रतिबंधक स्थानबद्धतेचा नवा कायदा फेब्रुवारी १९५० मध्ये झाला आणि त्याखाली त्यांना आतच ठेवण्यात आलं. ते थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या वकिलांचं म्हणणं होतं, कलमातला ‘कायदा’ म्हणजे संसदेने छापलेला कुठलाही कागद नव्हे, त्यात न्यायाची किमान तत्त्वं असायलाच हवीत.

१९ मे १९५० रोजी न्यायालयाने हे म्हणणं फेटाळलं. रीतसर कायदा आहे, त्यात पद्धत दिली आहे, ती पाळली आहे. पद्धत न्याय्य आहे का हे आम्ही बघणार नाही. घटनाकारांनी ‘ड्यू प्रोसेस’ मुद्दाम गाळलं, ते आम्ही मागच्या दाराने आत कसं आणू? खरं सांगायचं तर घटना समितीतली चर्चा वाचली की हा निकाल चुकीचा म्हणणं अवघड जातं. एका न्यायमूर्तींनी, फाजल अली यांनी, मात्र वेगळं मत लिहिलं. हक्कांची कलमं एकमेकांपासून सुटी वाचता येत नाहीत आणि प्रक्रियेत न्यायाची मूळ तत्त्वं असायला हवीत, असा त्यांचा रोख होता.

विरोधी मताला कायद्याचं बळ नसतं. पण ते त्याच निकालपत्रात छापलं जातं, ग्रंथालयात त्याच कपाटात बसतं. गरज पडेल तेव्हा कुणीतरी ते काढून दाखवतो.

बारा वर्षांनी उत्तर प्रदेशातल्या खडक सिंग नावाच्या माणसाचं प्रकरण आलं. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी तो सुटला, पण पोलिसांनी त्याची हिस्ट्रीशीट उघडली. रात्री-अपरात्री दारावर थाप, आत ये-जा, चौकीदाराची नजर. न्यायालयाने रात्रीची थाप बंद केली. बाकीची पाळत मात्र चालू द्यायला हरकत घेतली नाही, कारण खासगीपणा हा घटनेने दिलेला हक्क नाही, असं बहुमत म्हणालं. न्यायमूर्ती सुब्बा राव म्हणाले, शब्द नसला तरी खासगीपणाशिवाय व्यक्तिगत स्वातंत्र्याला अर्थ काय? हेही मत कपाटात गेलं.

१९७६

२५ जून १९७५ ला आणीबाणी आली. दोनच दिवसांनी राष्ट्रपतींचा आदेश निघाला की कलम १४ (समानतेचं), २१ आणि २२ खाली कोणालाही न्यायालयात दाद मागता येणार नाही. देशभर हजारो लोक आत होते. त्यांचे नातेवाईक निरनिराळ्या उच्च न्यायालयांत गेले आणि नऊ उच्च न्यायालयांनी त्यांचं म्हणणं ऐकलं: स्थानबद्धता कायद्याला धरून आहे का एवढं तरी आम्ही तपासू शकतो. सरकार अपिलात सर्वोच्च न्यायालयात गेलं. जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावाने हे प्रकरण ओळखलं जातं.

सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल नीरेन डे यांना एक प्रश्न केला. समजा एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कुणाला ठार मारलं, तर तुमच्या म्हणण्याप्रमाणे काही इलाज आहे का? डे यांनी उत्तर दिलं की आणीबाणी आहे तोवर न्यायालयात इलाज नाही. हे ऐकून तुमच्या मनाला धक्का बसेल, माझ्याही बसतो, पण माझ्या भूमिकेतून निष्कर्ष हाच निघतो.

हे उत्तर दोनदा वाचावं असं आहे. त्यात लबाडी नाही. १९५० सालचा अर्थ सरळ रेषेत ताणत नेला की माणूस इथे येऊन पोचतो.

२८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असा निकाल लागला. मुख्य न्यायमूर्ती रे, बेग, यशवंत विष्णु चंद्रचूड आणि भगवती सरकारच्या बाजूने. खन्ना एकटे विरोधात. पुढच्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला.

घटना जिवंत आहे, ती आपलं रक्षण करते वगैरे आपण सहज बोलून जातो. १९७६ साली घटना होती, कलम २१ होतं, अक्षर न अक्षर तेच होतं. तिने काही केलं नाही. वाक्याला हातपाय नसतात.

आणीबाणी उठल्यावर संसदेने मात्र चूक कागदावरच दुरुस्त केली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ठरलं की आणीबाणीतही कलम २० आणि २१ यांची अंमलबजावणी थांबवता येणार नाही. मजकूर टिकवण्याचा हा दुसरा रस्ता. अर्थ बदलून भागत नाही तिथे आजूबाजूच्या भिंती नव्याने बांधायच्या.

पासपोर्ट

जुलै १९७७. आता जनता पक्षाचं सरकार होतं. मेनका गांधींना दिल्लीच्या पासपोर्ट कार्यालयाचं पत्र आलं: सात दिवसांत पासपोर्ट जमा करा, सार्वजनिक हितासाठी. कारण काय, असं त्यांनी विचारलं. उत्तर आलं की सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी कारण सांगता येत नाही. सरकारी पत्रव्यवहार ज्यांनी केला आहे त्यांना या उत्तराची चव ओळखीची वाटेल.

२५ जानेवारी १९७८ रोजी सात न्यायाधीशांनी निकाल दिला आणि कलम २१चा नूर पालटला. कार्यपद्धती नुसती असून चालणार नाही. ती न्याय्य, रास्त आणि वाजवी हवी, लहरी किंवा जुलमी नको. कलम १४, १९ (भाषण, संचार वगैरे स्वातंत्र्यांचं) आणि २१ एकत्र वाचायची. माणसाचं म्हणणं ऐकून न घेता त्याच्याविरुद्ध निर्णय घ्यायचा नाही. १९४८ साली दारातून हाकललेलं ‘ड्यू प्रोसेस’ खिडकीतून आत आलं. फाजल अलींचं कपाटातलं मत अठ्ठावीस वर्षांनी धूळ झटकून बाहेर निघालं.

पीठावर कोण होते? बेग, चंद्रचूड, भगवती. दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी आणीबाणीच्या निकालात बहुमतात असलेले तिघे. प्रायश्चित्त म्हणा, वारा बदलला म्हणा. मला वाटतं दोन्ही.

आणि मेनका गांधींचं काय झालं? सरकारने तुमचं म्हणणं ऐकून घेतो असं सांगितलं, आणि न्यायालयाने जप्तीचा हुकूम रद्द केला नाही. भारतीय घटनेच्या इतिहासातला एक सर्वांत मोठा निकाल मिळवून त्या पासपोर्टविनाच घरी गेल्या.

ही खूण लक्षात ठेवा, ती पुन्हापुन्हा दिसणार आहे. कलम २१ची मोठी प्रकरणं वाचताना मला हे आधी योगायोग वाटायचं. वाक्य जिंकतं आणि ते घेऊन आलेला माणूस रिकाम्या हाताने परततो. मग पुढच्या कुणाला तरी त्याच्या निकालाचा उपयोग होतो, कारण कलम १४१ म्हणतं की सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक. एकाची हार दुसऱ्याच्या हातात शस्त्र म्हणून येते.

नियमाला मोठा अपवाद पुढच्याच वर्षी घडला. बिहारच्या तुरुंगांत असे कच्चे कैदी होते की गुन्हा सिद्ध होऊन जास्तीत जास्त शिक्षा झाली असती तरी ते कधीच सुटले असते. खटलाच उभा राहिला नव्हता. वर्तमानपत्रातल्या बातम्यांवरून वकील कपिला हिंगोरानी यांनी अर्ज केला. न्यायालय म्हणालं, वर्षानुवर्षं खटला न चालवणं ही ‘न्याय्य कार्यपद्धती’ कशी? वेळेत खटला चालणं आणि गरिबाला फुकट वकील मिळणं हे कलम २१ मध्येच आलं. त्या वेळी माणसं खरोखर सुटली.

तेवीस रुपये रोज

आता ‘जीवित’ या शब्दाकडे येऊ. आणि मुंबईकडे.

१३ जुलै १९८१ ला तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून आपापल्या गावी पाठवायचं. ऐन पावसात. प्रकरण न्यायालयात गेलं, आणि अर्जदारांमधल्या पत्रकार ऑल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं.

निकालपत्रात एका मजुराची हकीकत आहे. तमिळनाडूतल्या सेलमचा, दुष्काळात काम गेलं म्हणून १९६१ साली मुंबईला आलेला भूमिहीन माणूस. दहिसरच्या एका रसायन कारखान्यात रोज २३ रुपयांवर लागला. प्लॅस्टिकच्या कागदाच्या आडोशासाठी झोपडीदादाने त्याच्याकडून २,५०० रुपये उकळले. हिशेब करा, शंभरहून जास्त दिवसांची मजुरी. २३ जुलै १९८१ ला महापालिकेने ती झोपडी पाडली आणि कुटुंबाला सेलमच्या बसमध्ये बसवलं. बायको-मुली तिकडे राहिल्या. तो कामाच्या शोधात परत आला आणि पुन्हा फुटपाथवर राहू लागला.

का परत आला, हा प्रश्नच खटल्याचा गाभा होता. तो हौसेने फुटपाथवर राहत नव्हता, काम तिथे होतं. १० जुलै १९८५ चा निकाल हे मान्य करतो. एखाद्याचं जीवित हिरावण्याचा सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे त्याचं जगण्याचं साधन काढून घेणं. म्हणून उपजीविका हा जीविताच्या हक्काचाच भाग. हा निकाल लिहिला तेव्हाचे सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी. होय, १९७६ चेच.

मग झोपड्या वाचल्या का? नाही. नोटीस द्या, शक्यतो म्हणणं ऐका, पण फुटपाथ अडवण्याचा हक्क कुणालाही नाही. ३१ ऑक्टोबरपर्यंत पावसाळ्याची मुदत दिली आणि पुढे पाडायला वाट मोकळी. १९७६ च्या शिरगणतीत ओळखपत्रं मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यावी असं सांगितलं, एवढंच. पुन्हा तेच: वाक्य जिंकलं.

यानंतर ‘जीवित’ फुगत गेलं. स्वच्छ हवा आणि पाणी, कामाच्या ठिकाणी लैंगिक छळापासून संरक्षण, सन्मानाने मरण. १९९३ मध्ये न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण यात आणलं आणि २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने संसदेने ते ‘२१अ’ म्हणून घटनेत लिहूनच टाकलं. न्यायालयाने अर्थ काढावा आणि संसदेने त्याला मजकुराची जागा द्यावी, हे क्वचित घडतं. घडतं तेव्हा दोन्ही संस्था शहाण्या वाटतात.

बाप आणि मुलगा

२०१२ साली कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारविरुद्ध अर्ज केला. तेव्हा त्यांचं वय ८६. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं सरकारने का घ्यावीत, हा खासगीपणाचा भंग आहे, असा त्यांचा मुद्दा. सरकारने उलट प्रश्न केला: खासगीपणा हा हक्क आहे असं घटनेत कुठे लिहिलंय? आणि पुरावा म्हणून १९५४ चा एक निकाल आणि खडक सिंगचं प्रकरण पुढे केलं.

इथे न्यायालयाचा एक कामकाजी नियम कळायला हवा. जुना निकाल जितक्या न्यायाधीशांनी दिला, तो उलटवायला त्याहून मोठं पीठ बसवावं लागतं. १९५४ च्या निकालाला आठ जण होते. म्हणून नऊ जण बसले. सर्वोच्च न्यायालयात असं पीठ क्वचितच बसतं.

२४ ऑगस्ट २०१७ ला नवांनीही एकमताने सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सुब्बा राव यांचं मत कपाटातून बाहेर आलं. त्याच निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी १९७६ चा आणीबाणीचा निकाल नाव घेऊन रद्दबातल ठरवला, त्यातल्या बहुमताच्या चारही निकालपत्रांत गंभीर दोष आहेत असं लिहिलं. चारांपैकी एक त्यांच्या वडिलांचं होतं. खन्ना बरोबर होते, हे अधिकृतपणे मान्य व्हायला एक्केचाळीस वर्षं लागली.

आणि आधार? वर्षभराने, २६ सप्टेंबर २०१८ ला, चार विरुद्ध एक अशा बहुमताने ते वैध ठरलं. मोबाइल आणि बँक खात्याची सक्ती गेली, खासगी कंपन्यांचा वापर अडवला गेला, पण योजना राहिली. पुट्टस्वामी २०२४ मध्ये ९८व्या वर्षी गेले. खासगीपणाच्या प्रत्येक खटल्यात आता त्यांचं नाव घेतलं जातं.

एक आक्षेप टाळून पुढे जाणं बरं नाही. अठरा शब्दांत हे सगळं खरंच होतं, की न्यायाधीशांनी भरलं? आंबेडकरांनी ज्या पाच-सहा गृहस्थांची भीती बोलून दाखवली होती, तेच आज ‘जीवित’ म्हणजे काय ते ठरवतात. त्यांना कुणी निवडून दिलेलं नाही. आक्षेप खरा आहे आणि त्याला चोख उत्तर नाही. माझं म्हणणं इतकंच, की दुसऱ्या बाजूची भीतीही त्यांनीच बोलून दाखवली होती, आणि ती १९७६ मध्ये खरी झाली. न्यायालयाने त्या वेळी अर्थ ताणला नाही म्हणून नुकसान झालं.

मला जास्त टोचतं ते वेगळंच. कलमाचा पसारा वाढला, पण पहिला, साधा अर्थ अजून अपुरा आहे. देशातल्या तुरुंगांत आज सुमारे तीन चतुर्थांश कैदी कच्चे आहेत, म्हणजे खटला न संपलेले. बिहारच्या निकालाला पंचेचाळीस वर्षं उलटली. स्वच्छ हवेचा हक्क सांगणारं कलम तारीख मिळवून द्यायला थकतं.

अलीकडच्या प्रकरणांपैकी एक माळढोकाचं आहे. हा जड अंगाचा पक्षी आहे. उडताना त्याला समोरचं नीट दिसत नाही आणि वळताही येत नाही, त्यामुळे तो उच्च दाबाच्या विजेच्या तारांना धडकून मरतो. राजस्थान-गुजरातच्या ज्या माळांवर तो उरला आहे तिथेच सौरऊर्जेचे मोठे प्रकल्प आले. निवृत्त सनदी अधिकारी एम. के. रणजितसिंह न्यायालयात गेले आणि २०२१ मध्ये सुमारे ९९,००० चौरस किलोमीटर प्रदेशात तारांवर निर्बंध आले, शक्य तिथे त्या जमिनीखाली न्यायच्या ठरल्या. सरकार म्हणालं, हे अशक्य आहे, आणि सौरऊर्जा थांबली तर हवामानबदलाशी कसं लढायचं?

२१ मार्च २०२४ च्या निकालात तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितलं की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणं हा कलम १४ आणि २१ खाली माणसाचा हक्क आहे. त्याच निकालात २०२१ चा सरसकट निर्बंध उठला आणि तारांचं काय करायचं ते ठरवायला तज्ज्ञांची समिती नेमली गेली. वाक्य पुन्हा जिंकलं. माळढोकाचं नाव खटल्याला चिकटून राहील.

कलम २१ मध्ये ‘व्यक्ती’ असा शब्द आहे. पक्ष्याची बाजू मांडायची तर आधी ४८अ आणि ५१अ या कलमांकडे जावं लागतं: वन्यजीवांचं रक्षण हे राज्याचं धोरण आणि नागरिकाचं कर्तव्य. ही दोन्ही कलमं मूळ हस्तलिखित प्रतीत नाहीत. ती आली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, ऐन आणीबाणीत, १९७६ साली.